उघड्या नळीची दहा मिनिटं

प्रयोगशाळेत तिला सगळे बर्फवाली म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. तोंडावर ती नुसती बाई होती, आणि बाई समोरून येताना दिसल्या की कॉरिडॉरमधली माणसं एकदम कामाला लागत.

नाव पडलं ते तिच्या निळ्या बादलीमुळे. बादलीत बर्फाचा चुरा आणि त्यात खोचलेल्या करंगळीएवढ्या प्लास्टिकच्या नळ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीतून ती निघाली की बादली हातात, आणि परत आली की बादली हातात. पण नुसत्या बादलीने असं नाव चिकटत नाही. तिचं बोलणंही तसंच होतं, लागलं की हाड गोठवणारं. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबवणारा अजून जन्माला यायचा होता.

तरी तिला कुणी हात लावत नव्हतं, कारण त्या कामाला लागणारे हात एकट्या तिचेच होते. एकतीस वर्षांपूर्वी ती इथे बाटल्या धुवायला लागली. शाळा संपवून आलेली, पुढे शिकायला घरचे राजी नव्हते. बाटल्या धुता धुता तिने बघून बघून काम उचललं, आणि आता मोठ्या मोठ्या पदव्यांची माणसं रक्ताची नळी घेऊन तिच्या दाराशी उभी राहत. "बाई, यातलं आरएनए काढून द्याल का?"

आरएनए काढणं म्हणजे काय, हे ती नव्या माणसाला एका दमात सांगे, आणि दुसऱ्यांदा विचारलं तर हाकलून देई. पेशीच्या पोटात कुलूपबंद खोली असते. तिच्यात डीएनए, म्हणजे अस्सल ग्रंथ. तो कधी बाहेर येत नाही, कुणाला वाचायला मिळत नाही. शरीराला त्यातलं एखादं पान लागलं की तेवढ्याच पानाची नक्कल उतरवली जाते. ती नक्कल म्हणजे आरएनए. पण उतरवलेली नक्कल कच्ची असते. तिच्यात कामाचा मजकूर असतो आणि मधे मधे बिनकामाचाही. मग पेशीतली कात्री बिनकामाचे तुकडे कापून टाकते, कामाचे एकाला एक जोडते, डोक्यावर टोपी चढवते, मागे लांब शेपूट लावते, आणि अशी सजवलेली नक्कल खोलीबाहेर सोडते. बाहेर ती वाचली जाते, त्यावरहुकूम माल तयार होतो, आणि काम झालं की नक्कल फाडून टाकतात.

"फाडायची हत्यारं शरीराने जागोजागी ठेवलीत," ती म्हणे. "तुझ्या बोटांवर आहेत, घामात आहेत, केसांत आहेत. उकळून मरत नाहीत. तुझं एक बोट लागलं की माझं दिवसभराचं काम मातीत. म्हणून हात मागे बांधून उभा राहा, नाहीतर चालू लाग."

तिच्या टेबलामागच्या भिंतीवर तिनेच लिहिलेले नऊ नियम चिकटवलेले होते. कागद पिवळा पडला होता. तिने स्वतः तो गेल्या वीस वर्षांत वाचला नव्हता. स्वतः लिहिलेलं पुन्हा कशाला वाचायचं?

अशा त्या खोलीत एके दिवशी साहेबांनी नवीन मॅडमना आणून बसवलं.

साहेब म्हणजे विभागप्रमुख. स्वभावाने वाईट नव्हते, पण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच, "बघू." त्या दिवशी मात्र बघू न म्हणता त्यांनी थेट मॅडमचं टेबलच खोलीत घातलं. मॅडम छत्तीसच्या आसपास, लांबच्या मोठ्या संस्थेतून आलेल्या, आवाज मऊ, बोलणं मोजून. नोकरी एक वर्षाच्या कराराची. आल्या आल्या त्यांनी जागा करायला म्हणून निळी बादली उचलून खाली जमिनीवर ठेवली. झालं. तिथून पुढे दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

मॅडमना औषधांच्या उग्र वासाने डोकं दुखायचं, म्हणून त्या खोलीत सदान्‌कदा मास्क लावून असत.

"एवढं काय तोंड लपवायचं? चोरी केलीय कुठे?" बर्फवालीने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"वास सहन होत नाही," मॅडम म्हणाल्या, आणि पुन्हा कामाला लागल्या. त्यांचं ते आवाज न चढवणंच बर्फवालीला जास्त झोंबे. भांडायला उभं राहावं आणि समोरच्याने दार लोटून घ्यावं, तसं व्हायचं तिला.

मॅडमनी एक काम बरोबर आणलं होतं. खालच्या मजल्यावर सहा वर्षांची एक मुलगी दर चार आठवड्यांनी रक्त चढवून घ्यायला येई. अंगात रक्तच टिकत नव्हतं. तिचा डीएनए तपासून झाला होता. त्यात एका अक्षराचा फरक सापडला, पण तो होता बिनकामाच्या मजकुरात, जो कात्री कापून टाकते त्यात. म्हणून सगळ्यांनी मान हलवली: कचऱ्यातलं अक्षर, असेना का. मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. त्या एका अक्षरामुळे कात्री फसतेय, कापायचं तिथे न कापता भलतीकडे कापतेय, आणि कचऱ्याचा एक तुकडा नकलेत तसाच राहून जातोय. नक्कल अशी बिघडली की रक्त बनायचं कसं?

हे सिद्ध करायचं तर मुलीच्या रक्तातलं आरएनए अखंड हवं. न फाटलेलं. आणि मुलीचं स्वतःचं रक्त मिळणार ते बाहेरचं रक्त चढवायच्या आधी, म्हणजे चार आठवड्यांतून एकदा, थोडंसं.

बर्फवालीने घरी नवऱ्याला हे सांगितलं होतं. नवरा शिंपी. आता दुकान बंद केलं होतं, घरीच बसून ओळखीच्यांचे कपडे शिवून देई. त्याने ऐकून घेतलं आणि दोरा दाताने तोडत म्हणाला, "टाकाऊ कापडावर खडूची चुकीची रेघ पडली तरी हात तिथेच कापतो की. रेघ दिसली की कात्री चालते. त्यात नवल काय?"

"तुम्हाला कोण विचारतंय?" ती म्हणाली. पण मनातून तिला पटलं. मॅडमचं म्हणणं बरोबर असणार, हे तिला पहिल्या दिवसापासून पटलेलं होतं. म्हणून तर जास्त राग येत होता.

पहिल्या वेळी मॅडम स्वतः खालून रक्त घेऊन आल्या. बर्फवालीने नेहमीसारखं काम केलं. औषध घातलं, नळी गरगरा फिरवली, वरचं निवळ पाणी अलगद उचललं, त्यात स्पिरिट घातलं. तळाशी मिठाच्या कणाएवढा पांढुरका ठिपका बसला. तोच आरएनए. तो धुतला. मग शेवटचं काम: झाकण उघडं ठेवून ठिपका दहा मिनिटं वाळवायचा आणि मग पाण्यात विरघळवायचा. या दहा मिनिटांत करायला काही नसतं. हात रिकामे. इतकी वर्षं ती ही दहा मिनिटं एकटीने, घड्याळाकडे बघत, गप्प बसून काढत आली होती.

आता समोर मॅडम होत्या. नळीवर ओणवी होऊन ठिपक्याकडे बघता बघता बर्फवालीने त्यांना सुनवायला घेतलं. बादली कोणी हलवली इथून, फ्रीजचं दार कोणी उघडं टाकलं, तुमच्या त्या मोठ्या संस्थेत हेच शिकवतात का. मॅडम दोन हात लांब बसून वहीत लिहीत राहिल्या.

संध्याकाळी आरएनए जेलीच्या पातळ वडीवर वीज देऊन धावायला सोडलं आणि दिव्याखाली धरलं. अखंड असेल तर दोन लख्ख पट्टे दिसतात, आडवे, रेखून काढल्यासारखे. इथे पट्टे नव्हतेच. वरपासून खालपर्यंत नुसता धुरकट ओघळ. फाटून चिंध्या झालेलं.

"असं कधी झालं नाही माझ्या हातून," बर्फवाली म्हणाली, आणि लगेच तिची नजर मॅडमच्या हातांवर गेली.

"हात थोडे थरथरतात का हो तुमचे?" मॅडमनी त्याच क्षणी विचारलं. "वयाने होतं तसं. राग मानू नका."

राग मानू नका! बर्फवालीने त्या दिवशी मानलेला राग पुढे चार महिने पुरला.

दुसऱ्या महिन्यात पुन्हा ओघळ. तिसऱ्या महिन्यात पुन्हा. मधे इतर रोग्यांचे नमुने येत, त्यांतलेही काही सडत. दर वेळी खाली त्या मुलीला नव्याने टोचावं लागे. खोलीत आता उघड युद्ध होतं. बर्फवालीने मॅडमच्या टेबलाभोवती लाल चिकटपट्टी लावली आणि तिच्या पलीकडे हात यायचा नाही अशी ताकीद दिली. मॅडमनी साहेबांना पत्र लिहिलं की हे काम कमी वयाच्या माणसाकडे द्यावं. बर्फवालीने पाण्याच्या बाटल्या बदलल्या, औषधं नवी मागवली, टेबल तीन तीनदा पुसलं. मॅडम एकावर एक दोन हातमोजे घालायला लागल्या. त्यावरही ती बोललीच. "आता मोजे चढवून काय उपयोग? घोडं गेलं पळून."

आणि हे सगळं कधी? तर त्याच दहा मिनिटांत. हात रिकामे असताना.

चौथ्या वेळी ओघळ दिसला तेव्हा साहेबांचंही बघू संपलं. "दोघींपैकी एकीमुळे होतंय हे," ते म्हणाले. "जिच्यामुळे होतंय, ती या खोलीतून जाईल. मला पुरावा हवा."

पुरावा! बर्फवालीने वही काढली. ती एकही दिवस नोंद चुकवत नसे. पुढचे तीन आठवडे जुन्या नोंदी ताडून तिने अकरा नमुन्यांची यादी केली. सात सडले, चार अखंड. सातही दिवस मॅडम खोलीत हजर. चारही दिवस मॅडम रजेवर नाहीतर बाहेरगावी. एकही अपवाद नाही. खाली ठसठशीत सही करून तिने यादी साहेबांच्या टेबलावर आपटली.

साहेबांनी ती दोनदा वाचली. मॅडमना बोलावून त्यांच्याकडे सरकवली. मॅडमनी ती तीनदा वाचली. त्यांचा चेहरा उतरला. उलटून बोलतील म्हणून बर्फवाली तयारीतच होती, पण त्या एवढंच म्हणाल्या, "तारखा बरोबर आहेत."

"मग शुक्रवारी टेबल रिकामं करा," साहेब म्हणाले. "कराराचं पुढे... ते बघू. आणि ते मुलीचं काम आता थांबवू. किती टोचायचं तिला?"

त्या संध्याकाळी बर्फवाली घरी आली ती हवेत. नवऱ्याने नेहमीप्रमाणे दोन कप चहा करून ठेवला होता. एका टोकाला शिवणयंत्र, दुसऱ्या टोकाला दोन खुर्च्या, मधे छोटं टेबल. ती बसली आणि तिने विजयाची कथा सुरू केली. यादी कशी केली, कशी आपटली, मॅडमचं तोंड कसं एवढंसं झालं. "माझ्या हातांना नावं ठेवत होती! एक घाव दोन तुकडे! हात थरथरतात म्हणे!"

ती टेबलावर पुढे झुकून सांगत होती, आणि नवऱ्याने शांतपणे बशी उचलून आपल्या कपावर पालथी घातली.

हे तो रोज करे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, अठ्ठावीस वर्षं कपावर बशी. ती बोलायला लागली की बशी वर, ती थांबली की बशी खाली. तिला वाटे, माश्या. पण आज खिडक्या बंद होत्या, आणि तिला आज सगळं जग आपल्याकडे कौतुकाने बघत असावं असं वाटत होतं. त्यात ती बशी खुपली.

"माश्या कुठायत? कशाला झाकता?"

"असू दे."

"असू दे काय? अठ्ठावीस वर्षं बघतेय मी. बोला की."

नवऱ्याने जरा वेळ सुईत दोरा ओवायचा बहाणा केला. मग मान वर न करता म्हणाला, "तू रागाने बोललीस की थुंकी उडते गं. एरवी नाही. चिडलीस की. चहात पडते."

आधी ती भडकलीच. अठ्ठावीस वर्षं मनात ठेवून बसलात, तोंडात जीभ नव्हती का, वगैरे वगैरे. नवऱ्याने बशीवर हातही ठेवला. आणि त्या हाताकडे बघता बघता तिचं वाक्य मधेच तुटलं. असं कधी होत नसे. नवऱ्याने दचकून वर पाहिलं.

नक्कल फाडायची हत्यारं घामात असतात, केसांत असतात, बोटांवर असतात. थुंकीत तर किती असतील!

नऊ नियमांपैकी सातवा तिला आठवला. तिच्याच अक्षरात. *उघड्या नळीवर बोलू नये.*

आणि मग ती यादी आठवली. मॅडम हजर, नमुना सडला. मॅडम नाहीत, नमुना अखंड. पण मॅडम नसताना ती गप्प असे. बोलणार कुणाला, भिंतीला? मॅडम असतानाच तिचं तोंड चाले. म्हणजे तारखा बरोबर होत्या, आकडे बरोबर होते, सहीसुद्धा बरोबर होती. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारी ती यादी अगदी बिनचूक होती.

तिने चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मॅडम सामान बांधायला खाली गेल्या होत्या. बर्फवालीने नर्सकडून आपल्याच हातातून रक्त काढून घेतलं. चार नळ्या केल्या. चारींच्या तळाशी पांढुरके ठिपके बसवले. पहिल्या दोन नळ्या उघडून ती घड्याळाकडे बघत दहा मिनिटं गप्प बसली, पाणी घालून त्या बंद केल्या. मग उरलेल्या दोन उघडल्या आणि त्यांच्यावर ओणवी होऊन ती मॅडमच्या रिकाम्या खुर्चीला शिव्या घालायला लागली.

रिकाम्या खुर्चीवर चिडायला सुरुवातीला जड गेलं. पण तिने बादलीची आठवण काढली, थरथरत्या हातांची आठवण काढली, आणि मग जमलं. इतकं जमलं की बाहेरून जाणारा शिपाई दाराशी थबकला, आत एकटी बाई बघितली, आणि पाय न वाजवता निघून गेला.

दुपारी वडी दिव्याखाली धरली. पहिल्या दोन नळ्या: दोन दोन लख्ख पट्टे, रेखून काढल्यासारखे. तिसरी, चौथी: धुरकट ओघळ.

तिने फोटो काढला. कुणालाच माहीत नव्हतं. उद्या मॅडम जाणार. परवापासून खोली तिची एकटीची, दहा मिनिटं तिची एकटीची, नमुने पुन्हा अखंड. सगळे म्हणणार, बघा, बाई म्हणत होत्या तेच खरं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. फोटो फाडायला दोन सेकंद पुरले असते. ती बाई तिला मुळीच आवडत नव्हती, आजही नाही. तिच्यासाठी आपण आपलं नाक का कापून घ्यायचं?

पण खोटा निकाल तिने आयुष्यात दिला नव्हता. बाटल्या धुवायची तेव्हा धुतलेली म्हणून न धुतलेली बाटली कधी पुढे केली नव्हती. त्या यादीखाली तिची सही होती, आणि ती सही आता अंगाला खाज आणत होती. तिला मॅडमचा राग यायचा, स्वतःचा आला, नवऱ्याचा आला, शेवटी त्या फोटोचाच आला. फोटो घेऊन ती तरातरा साहेबांच्या खोलीत शिरली.

मॅडम तिथेच होत्या, खोलीच्या किल्ल्या परत देत.

"माझे हात चांगले आहेत," बर्फवालीने फोटो टेबलावर आपटला. "हे पहिलं नीट ऐका. हात चांगले आहेत. तोंड खराब आहे. पहिल्या दोन नळ्या गप्प बसून केल्या. पुढच्या दोन बोलत बोलत. सातही नमुने मी नासवलेत. यादी फाडा ती."

साहेबांनी फोटो बघितला. मॅडमनी बघितला. साहेब "बघू" म्हणतील म्हणून ती वाट बघत होती, तर त्यांनी यादी काढून फोटोशेजारी ठेवली.

"खोलीतून मी जायचं ना?" बर्फवाली म्हणाली. "तुम्हीच बोलला होता. जाते मी."

"नाही," मॅडम म्हणाल्या. तोच मऊ आवाज. "सोमवारी त्या मुलीला रक्त चढवायचंय. त्याआधी शेवटचं एकदा काढू. काम यांनीच करायचं. असे हात इथे दुसऱ्या कुणाचे नाहीत, माझेही नाहीत. पण मास्क लावून. आणि एक शब्दही नाही."

"आणि माफी?" साहेबांनी कुणाला विचारलं कोण जाणे.

"मी मागितलेली नाही," मॅडम म्हणाल्या, आणि किल्ल्या परत उचलून निघून गेल्या.

सोमवारी मॅडम रक्त घेऊन वर आल्या. बर्फवालीने मास्क चढवला. कान ओढले जात होते, चष्म्यावर वाफ धरत होती. तिने औषध घातलं, नळी फिरवली, निवळ पाणी उचललं, ठिपका बसवला, धुतला. तीन तास ती एक अक्षर बोलली नाही, आणि मॅडमही नाही. मग तिने झाकण उघडलं, नळी बर्फात खोचली आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटं.

मॅडम उठल्या, मास्क नीट केला, लांब दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि बोलायला लागल्या.

"आता तुम्हाला बोलता येणार नाही, म्हणून बोलते. पहिल्या वेळी तिने हात आपणहून पुढे केला होता. दुसऱ्या वेळी विचारलं, गेल्या वेळचं रक्त कुठे गेलं? मी म्हटलं, सांडलं. तिसऱ्या वेळी म्हणाली, तुम्ही सारखं सांडता. चौथ्या वेळी मला बघून पलंगाखाली गेली. तिचा पाय धरून तिला मी बाहेर ओढली. मी. तुम्ही कधी खाली आला नाहीत. तुमच्याकडे नुसती नळी यायची."

बर्फवालीचे ओठ मास्कच्या आत हलले. बोलायची सोय नव्हती. समोर झाकण उघडं होतं.

"आज ती गप्प बसली. हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं."

घड्याळात सहा मिनिटं उरली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. एवढं कुणी आजवर तिला ऐकवलं नव्हतं, आणि ऐकवलं असतं तर तिने दुप्पट परत केलं असतं. पहिल्या मिनिटाला तिच्याकडे उत्तर तयार होतं. दुसऱ्या मिनिटाला चार उत्तरं होती. मॅडमनी म्हणे मुलीला ओढलं, मग थरथरत्या हातांवरून माझं वय कुणी काढलं होतं, पत्र कुणी लिहिलं होतं? सगळं जिभेवर होतं, आणि ते गिळावं लागत होतं.

"आणि तुमची यादी," मॅडम म्हणाल्या. "ती मी तीनदा वाचली, आठवतं? मला चूक सापडली नाही. तारखा बरोबर होत्या. मी घरी जाऊन विचार केला, की असेल. माझ्याच अंगात काहीतरी असेल. त्याच्या आधीपासूनच मला तसं वाटायला लागलं होतं. तुम्ही मोज्यांवरून हसत होता ना?"

त्यांनी दोन्ही हातमोजे ओढून काढले आणि हात समोर धरले. बोटांची कातडी सोलवटलेली, सांध्यांवर भेगा, एका भेगेतून रक्त येऊन सुकलेलं.

"ब्रशने घासायचे मी. रोज. गरम पाण्याने. चार महिने. त्या पोरीचं रक्त मी नासवतेय म्हणून."

बर्फवालीने ते हात बघितले. एकतीस वर्षांत तिने हजार हातांकडे बघितलं असेल, प्रत्येक वेळी शत्रूचे म्हणून. जिभेवरची उत्तरं कुठे गेली तिला कळलं नाही.

घड्याळ वाजलं. तिने पाणी घातलं, झाकण दाबून बंद केलं, नळी बर्फात खोल खोचली.

"आता बोला," मॅडम म्हणाल्या.

तिने मास्क खाली केला. निळी बादली टेबलावरून उचलून तिने खाली जमिनीवर ठेवली, मॅडमनी पहिल्या दिवशी ठेवली होती तिथेच.

संध्याकाळी दिव्याखाली दोन लख्ख पट्टे उभे राहिले. पुढे आठवड्याभरात मॅडमनी त्या नकलेतला मजकूर उलगडला. कात्री भलतीकडेच कापत होती. कचऱ्याचा एक इवलासा तुकडा नकलेत तसाच शिल्लक होता, आणि त्यापुढचं वाचन तिथेच अडत होतं. मॅडमचं पहिल्यापासून बरोबर होतं. त्या दोघी पुढेही एका खोलीत बसल्या, आणि कामापलीकडे एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. मॅडमनी तिला माफ केलं नाही, आणि तिनेही तशी मागणी केली नाही.

पण त्या सोमवारी ती घरी आली तेव्हा चहा तयार होता. खुर्ची ओढून ती बसली. नवऱ्याचा हात बशीकडे जायच्या आत तिने स्वतः बशी उचलली, त्याच्या कपावर पालथी घातली, वर आपला तळहात दाबून धरला, आणि मग बोलायला लागली.